तळ्यातली पिल्ले आणि घरातली वही

पावसाळा लागला की आमच्या वस्तीतली पोरे काचेच्या बरण्या घेऊन फिरताना दिसतात. बरणीत गढूळ पाणी आणि त्यात चार-दोन इवलेसे मासे. कोणी नाल्याकाठच्या डबक्यातून धरलेले, कोणी मामाच्या गावाहून आणलेले. दोन दिवस त्यांचे भारी कौतुक चालते. तिसऱ्या दिवशी बरणी मोरीत उपडी होते आणि घरातले मोठे माणूस म्हणते, "डबक्यातलेच होते, दुसरे आण."

हे वाक्य आमच्याही तोंडून निघालेले आहे. त्या वाक्याने आमच्या घरात काय झाले, ते आज वाचक बंधू-भगिनींना सांगणार आहोत. त्यानिमित्ताने तळ्यातली पिल्ले घरच्या काचपेटीत नीट कशी वाढवायची, हेही सांगू.

आमच्या धाकटीचे आजोळ भंडारा जिल्ह्यात आहे. तिकडे गावोगावी मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. धानाच्या शेतीसाठी जुन्या काळी हे तलाव बांधले गेले. मालगुजारी 1951 साली संपली, तलाव शासनाकडे आले, पण नाव तेच राहिले. पावसाळ्यात तलाव भरून सांडवा वाहू लागला की पाण्याबरोबर माशांची पिल्लेही धानाच्या बांध्यांत उतरतात. घोटाभर पाण्यात झुंडीच्या झुंडी दिसतात.

आमचे सासरे आज 75 वर्षांचे आहेत. ते लहान होते तेव्हा या तलावाच्या मोठ्या घाटावर आपल्या माणसांना पाय ठेवायची सोय नव्हती. खाली, जिथे गुरे पाणी पीत, तिथूनच घागर भरायची. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याला तीस वर्षे होऊन गेली होती तरी गावात ही स्थिती होती. आज त्यांची नात त्याच घाटावर फ्रॉक वर खोचून ओढणीने मासे धरते, आणि म्हातारा काठावर बसून नुसता पाहतो. म्हणून त्या तळ्यातून आणलेले मासे आमच्या घरी साधे मासे नव्हते. हे आम्हाला जरा उशिरा कळले.

पहिली खेप 2023 च्या पावसाळ्यातली. धाकटी तेव्हा पाचवीत होती. तिने वीस-बावीस पिल्ले आणली. आम्ही जुन्या बाजारातून दोन फूट लांबीची काचपेटी आणून ठेवली होती. नळाचे स्वच्छ पाणी काठोकाठ भरले आणि संध्याकाळी डबा त्यात ओतला. सकाळी एकही जिवंत नव्हते. पोरगी रडू लागली आणि आम्ही ते वाक्य बोललो. "डबक्यातलीच होती ना, दुसरी आणू."

ती म्हणाली, "बाबा, ती डबक्यातली नव्हती, आजोबांच्या तळ्यातली होती." आणि दोन दिवस बोलली नाही.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. कचेरीत जमाखर्चाच्या वह्या लिहिणारे. माशांतले काही कळत नव्हते. मग चौकशीला लागलो. ओळखीच्या एक प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "पाणी नळाचं होतं का?" नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेला असतो. माणसाला त्याचा त्रास नाही, पण मासा श्वास घेतो तो कल्ल्यांनी, आणि क्लोरीन त्या नाजूक कल्ल्यांना जाळतो. पिल्ले तर लगेच जातात. उपाय बिनखर्चाचा आहे. पाणी रुंद तोंडाच्या बादलीत किंवा टोपात एक दिवस उघडे ठेवायचे, अधूनमधून ढवळायचे. क्लोरीन उडून जातो. एका दिवसाच्या धीराअभावी आम्ही वीस-बावीस जीव घालवले होते.

दुसऱ्या वर्षी, 2024 च्या ऑगस्टमध्ये, पूर्ण तयारीने गेलो. धाकटीने एक दोनशे पानी वही घेतली. आमच्यासारखेच रकाने आखले. तारीख, जमा, खर्च, शिल्लक. शेवटी एक रकाना तिने स्वतःच्या मनाने घातला. कारण.

गावातले एक ढीवर काका आमच्या सासऱ्यांचे जुने स्नेही आहेत. असे अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात. तळ्यात बीज त्यांनी पैसे देऊन सोडलेले असते. म्हणून पोराने दोन मासे धरायचे झाले तरी आधी विचारावे, हा शिष्टाचार आहे. काकांनी परवानगी तर दिलीच, वर शिकवणीही दिली. त्यांच्याकडून कळले की अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात, जरा मोठी झाली की अर्धबोटुकली, आणि बोटाएवढी झाली की बोटुकली. जिरे घरी जगवणे कठीण. अर्धबोटुकली धरावी.

तळ्याच्या कडेला गवतापाशी एक लाल-नारिंगी गोळा पाण्यावर हलत होता. शेकडो पिल्ले एकत्र. धाकटी ओढणी घेऊन धावली, तसे काका ओरडले, "त्याले हात नोको लावू पोरी! ते मरळचे पिल्ले आहेत. खाली मायबाप राखण करून रायले." मरळीची जोडी अंड्यांची आणि पिल्लांची राखण करते. कोणी त्या वेळी मोठा मासा मारला तर सगळा गोळा उघडा पडतो आणि बाकीचे मासे त्याचा फडशा पाडतात. आम्ही तिथून दूर झालो आणि बांधीच्या उथळ पाण्यातून 32 पिल्ले घेतली. अधिक नाही. तेवढ्यांनाच आमच्या पेटीत जागा होती.

डबा काठोकाठ भरायला लागलो तर काका हसले. "जवाई, पानी अर्धं घ्या, अर्धी हवा राहू द्या. मासा बी श्वास घेते." बंद डब्यातल्या पाण्याला वरच्या हवेतूनच प्राणवायू मिळतो. डबा ओल्या गोणपाटात गुंडाळला. तरीही एस.टी.च्या प्रवासात तीन पिल्ले गेली. वहीत पहिला खर्च पडला.

घरी आल्यावर घाई करायची नाही, ही दुसरी गोष्ट. डबा अर्धा तास पेटीतल्या पाण्यात तरंगत ठेवला, म्हणजे दोन्हीकडचे तापमान सारखे होते. मग दर दहा मिनिटांनी पेटीतले एक पेला पाणी डब्यात घालत गेलो. शेवटी डब्यातला ऐवज एका पांढऱ्या टबात ओतला. हे टबाचे काम कोणी टाळू नये. पांढऱ्या तळावर कोण पाहुणा आणि कोण चोर ते स्पष्ट दिसते. तळ्यातल्या ओंजळभर पाण्यात माशांबरोबर पाणभुंगे येतात, चतुराच्या अळ्या येतात. चतुर म्हणजे हेलिकॉप्टरसारखा उडणारा कीटक. त्याची अळी पाण्यात राहते, तिचा खालचा जबडा एकाएकी पुढे फेकला जातो आणि पिल्लू पकडले जाते. आम्ही चमच्याने तीन अळ्या काढल्या. चौथी शेवाळात लपून राहिली. तिने पेटीत दोन पिल्ले खाल्ली, तेव्हा सापडली. शिल्लक 27.

आता पेटीविषयी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा पेटीत सुमारे 55 लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे काच आणि वाळू धरून साठ किलोच्या वर ओझे झाले. चाळीतल्या लाकडी फळीवर किंवा टी.व्ही.च्या टेबलावर ती ठेवू नये. आम्ही विटांचा ओटा रचून त्यावर सपाट फळी आणि थर्माकोल टाकला. ऊन थेट पडेल अशी जागा नको, पाणी हिरवे होते आणि तापते. हवेचा छोटा पंप आणि त्याला जोडलेला स्पंजचा गाळणा पुरे. ओढ जास्त असलेला गाळणा घेऊ नये, त्यात पिल्ले शोषली जातात. वर जाळीचे झाकण हवेच.

खाण्याचा प्रश्न मोठा. आमच्या मातोश्री पोळीचा चुरा टाकायला निघाल्या होत्या. "एवढंसं लेकरू, त्याले खायाले नको का?" पण पोळी, भात, पाव हे सर्व पाण्यात सडते. तळ्यातल्या पिल्लाने कोरडे खाणे कधी पाहिलेलेच नसते. त्याला हलणारे लागते. यासाठी एका बरणीत तळ्याचे पाणी घेऊन त्यात कोबीचे एखादे पान टाकावे आणि खिडकीत ठेवावे. चार-पाच दिवसांत पाणी दुधाळ होते आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव वाढतात. रोज त्यातले दोन चमचे पाणी हा अगदी लहान पिल्लांचा आहार. जरा मोठ्यांना तळ्यातले पाणपिसू चालतात. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक पातळ फडक्यातून गाळून, मुगाच्या दाण्याएवढाच, अडीअडचणीला देता येतो. दिवसातून तीन-चार वेळा, पण थोडे. पाच मिनिटांत संपेल तेवढेच.

डासांच्या अळ्या हा माशांचा आवडता खुराक. पण इथे हात जोडून एक सूचना करतो. अळ्यांसाठी म्हणून घरात पाणी साठवून ठेवू नका. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. माशांच्या पोटासाठी शेजाऱ्याच्या लेकराला ताप आणायचा नाही. कुलरच्या टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत अळ्या दिसल्या तर त्या गाळून माशांना द्या आणि ते भांडे घासून कोरडे करा. म्हणजे एकाच कामात दोन कामे होतात.

दर तिसऱ्या दिवशी पेटीतले चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच शिळे पाणी घालत होतो. पिल्ले अंगाने भरू लागली. पोट रुपेरी, शेपटीजवळ काळा ठिपका. त्यांत एकच वेगळे होते, लांबुडके, अंगावर नारिंगी झाक असलेले. त्याचे नाव धाकटीने लाल्या ठेवले. तोच सर्वांचा लाडका.

सप्टेंबरच्या मध्यावर एका रविवारी आम्हाला स्वच्छतेची लहर आली. काचेला शेवाळ धरले होते, वाळू काळपट दिसत होती. आम्ही मासे बादलीत काढले, वाळू नळाखाली खळखळून धुतली, स्पंज पिळून पांढरा केला. पाणी मात्र नियमाप्रमाणे शिळे घातले. पेटी आरशासारखी झाली. आम्ही सर्वांना बोलावून दाखवली. बुधवारपर्यंत आठ पिल्ले मेली. बाकीची वर येऊन तोंडाने हवा घेत होती.

पुन्हा बाईंकडे गेलो. त्यांनी जे सांगितले ते आम्हाला आमच्या वहीच्या भाषेत चटकन कळले. मासा खातो आणि त्याच्या अंगातून अमोनिया पाण्यात पडतो. अमोनिया विषारी. तो पाण्यात रोज जमा होत राहतो. त्याचा खर्च घालणारे जीवाणू असतात. काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. थोडे थोडे पाणी बदलले की तेही कमी होते. हे जीवाणू वाळूवर, स्पंजवर वस्ती करतात आणि त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. आमच्या पेटीत ती नुकती बसली होती. आम्हाला जी घाण वाटली, ती घाण नव्हती, ते कामगार होते. आम्ही त्यांना एका सकाळी धुऊन टाकले. जमा चालू राहिली, खर्च बंद पडला.

स्पंज धुवायचा तर पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. वाळू एकदम सर्व धुवू नये. असे पाणी बिघडले तर खाणे बंद करून दोन-तीन दिवस रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे. तसे केले आणि 19 वाचली.

त्या रात्री वही उघडून पाहिली. तारखेपुढे 'खर्च 8' आणि कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'बाबांची चूक'. कचेरीत इतकी वर्षे झाली, आमच्या चुकीची एवढी स्वच्छ नोंद कोणी केली नव्हती. आम्ही खाली सही केली. दुसऱ्या दिवसापासून पोरगी पुन्हा बोलू लागली.

पण हिशेब जुळेना. ऑक्टोबर लागला आणि रोज तूट येऊ लागली. 19 चे 17, मग 15. मेलेला मासा दिसत नव्हता. मांजरावर संशय घेतला, झाकणावर वीट ठेवली. 14, 13. एका सकाळी धाकटी किंचाळली. लाल्याच्या तोंडातून एक रुपेरी शेपटी बाहेर आली होती.

लाल्याचा नारिंगी रंग केव्हाच उतरला होता. अंग काळसर, डोके चपटे, लांबी बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेत होता. तो मरळ होता. त्या लाल गोळ्यातून चुकून बांधीत आलेला. मरळ हा शिकारी मासा, हवेतूनही श्वास घेतो, दुसरे मासे खाऊनच जगतो. तळ्यातली पिल्ले लहानपणी ओळखता येत नाहीत, म्हणून महिन्याभराने सर्वांना आकाराप्रमाणे वेगळे करावे, हा धडा आम्हाला सात जीव गेल्यावर मिळाला. शिल्लक रुपेरी 11 आणि लाल्या 1.

मातोश्री म्हणाल्या, "मरळ हाये? मंग रस्सा कर ना व माय." सर्वजण हसले, धाकटी हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, लाल्या वाईट आहे का?"

आम्ही म्हणालो, "नाही गं. त्याचं ते खाणंच आहे. तळ्यात बाकीच्यांना पळायला जागा होती. आपण पळायची जागा ठेवली नाही."

लाल्याला झाकणाच्या ड्रममध्ये ठेवले, कारण मरळ उडी मारून बाहेर पडतो. पण ड्रममध्ये तरी किती दिवस? इथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. घरात वाढवलेला मासा कोणत्याही तळ्यात, नदीत, विहिरीत नेऊन सोडू नये. बाजारातले परदेशी मासे तर कधीच नाही. तिलापिया पाहा. परदेशातून आणलेला हा मासा आपल्या पाण्यात इतका पसरला की ठिकठिकाणी गावठी माशांची जागा त्याने खाल्ली. थाई मांगूर पाळण्यावर तर देशात बंदीच आहे. शिवाय पेटीतला रोग तळ्यात जातो. लाल्याच्या बाबतीत आम्ही आधी ढीवर काकांना फोन केला. पेटीत बाजारचा एकही मासा किंवा पाणवनस्पती कधी घातली नव्हती, लाल्याच्या अंगावर डाग किंवा जखम नव्हती आणि तळे त्याचे स्वतःचेच होते. "आना मंग," काका म्हणाले, "पन त्याच तलावात, दुसऱ्या नाई."

दिवाळीच्या सुट्टीत गेलो. घाटाच्या शेवटच्या पायरीवर धाकटीने डबा आडवा केला. लाल्या क्षणभर थांबला आणि गवतात शिरला. सासरेबुवा जवळ उभे होते. धाकटीने काकांना विचारले, "मी 32 आणली आणि 20 मेली. न आणती तर जगली असती का?"

काका म्हणाले, "बांधीचं पानी आटते तवा लई मरतात. बगळा खाते, साप खाते. मोजके जगतात. पन ते तळ्याचं काम हाये. तू आनले ते तुह्या जिम्म्यावर होते." यावर आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही राहिले नव्हते.

रुपेरी 11 अजून आमच्या पेटीत आहेत. 2025 च्या पावसाळ्यात धाकटीने नवीन पिल्ले आणली नाहीत. जागा नाही, म्हणाली.

वाचक मातापित्यांना इतकेच सुचवावेसे वाटते की मूल बरणीत मासा घेऊन आले तर त्याला रागावू नका आणि 'दुसरा आण' असेही म्हणू नका. एक दिवस शिळे केलेले पाणी द्या, पांढरा टब द्या आणि एक वही द्या. वहीत कारणाचा रकाना जरूर आखायला सांगा. त्या रकान्यात कधी तुमचे नाव आले तर खाली सही करा.